पेरलेलं आणि टाकलेलं

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात आडरस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर थांबलं की दाराशी तीन वस्तूंच्या थप्प्या दिसतात. बर्फाच्या पिशव्या, जळाऊ लाकूड आणि मक्याची पोती. पोतं ५० पौंडांचं, म्हणजे साडेबावीस किलोच्या आसपास, आणि त्यावर शिंगाळ्या हरणाचं चित्र. हा मका माणसांसाठी नाही आणि गोठ्यातल्या गुरांसाठीही नाही. तो रानात नेऊन ओतायचा असतो. नोव्हेंबरात आपल्या जमिनीवर, हरणांच्या वाटेत तो ओतला आणि जवळ बंदूक घेऊन बसलं, तर इथला कायदा काही म्हणत नाही. एप्रिलमध्ये तोच मका रानटर्कीच्या वाटेत ओतून तसंच बसलं, तर तो गुन्हा. आणि मका न ओतता त्याच जागी ट्रॅक्टर घालून गहू आणि क्लोव्हर नावाचा घास पेरला, तो हिरवागार झाल्यावर कडेला तीच बंदूक घेऊन बसलं, तर गुन्हा सोडाच, चार लोक पाठ थोपटतात. तुम्ही म्हणे वन्यजीवांसाठी अधिवास तयार केलेला असतो.

खाणं दोन्हीकडे खाणंच. एक पोत्यातून पडलं, एक मातीतून वर आलं. एवढ्या फरकावर एक कृत्य पाप आणि दुसरं पुण्य कसं ठरतं, हा प्रश्न गेली काही वर्षं माझ्या डोक्यात आहे. मी शिकारी नाही, पण माझा शेजारी आहे. त्याच्या रानात टर्कीसाठी राखलेले दोन-तीन तुकडे आहेत आणि ते पेरताना मी ट्रॅक्टरवर बसलेलो आहे. शेतकऱ्याचा मुलगा म्हणून त्यानं मला मदतीला बोलावलं होतं. तेव्हा मी काही अगदी काठावर बसून बोलणारा नाही.

आधी या पाखराबद्दल थोडं. थँक्सगिव्हिंगच्या सणाला भट्टीत जाणारा पांढरा, ढोल्या छातीचा, धड उडता न येणारा टर्की वेगळा. रानटर्की तपकिरी-काळा, उन्हात तांब्यासारखा चमकणारा. रात्री उंच झाडावर झोपतो, दचकला की पळतोही आणि उडतोही. नर आठ-दहा किलोंचा, आणि नजर अशी की झाडाला टेकून बसलेल्या माणसानं नुसतं नाक खाजवलं तरी तो दिसेनासा होतो. नावाचा घोळ तर गमतीचाच आहे. पक्षी अमेरिकेचा, इंग्रजांनी तो तुर्कस्तानच्या नावावर खपवला, तुर्कांनी त्याला ‘हिंदी’ म्हणून आपल्या गळ्यात बांधला आणि पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणतात. मुघल दरबारात तो गेला तो गोव्याहून. १६१२ मध्ये मुकर्रब खानानं गोव्यातून जहांगीरासाठी जे नवलाईचे प्राणी नेले, त्यांत हा होता. बादशहानं त्याच्या डोक्या-मानेचे सरड्यासारखे बदलणारे रंग कौतुकानं नोंदवले आणि उस्ताद मन्सूरनं त्याचं चित्र काढलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. एप्रिलच्या पहाटे मी शेजाऱ्याबरोबर झुडपामागे बसलो होतो, तेव्हा तेच लाल-निळं-पांढरं डोकं धुक्यातून पुढे आलं आणि मला आधी जहांगीर आठवला. शेजाऱ्याला मी ते सांगितलं नाही. बोललो असतो तर पाखरू गेलं असतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे पाखरू संपल्यात जमा होतं. जंगलं तुटली होती आणि बाजारात विकायला वर्षभर शिकार चालायची. १९३० च्या दशकात सगळ्या अमेरिकेत मिळून दोन लाखांच्या आतच टर्की उरले होते. आज ते साठ लाखांच्या आसपास आहेत. ही करामत कशी झाली, हे या वादात फार महत्त्वाचं आहे. पैसा बराचसा शिकाऱ्यांचा. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. तो आज ११ टक्के आहे. हा भाग माझ्यासारख्या बिनशिकाऱ्यानं नैतिकतेच्या गप्पा मारताना विसरू नये. पाखरं मात्र आली कुठून? आधी पोल्ट्रीसारखी वाढवून सोडून पाहिली, ती जगली नाहीत. मग जिथे थोडी अस्सल रानटी पाखरं टिकली होती तिथूनच ती धरून दुसरीकडे सोडायचं ठरलं. पण रानटर्की धरायचा कसा? १९५० च्या दशकात तोफजाळ्याची युक्ती निघाली. मोकळ्या जागी मक्याचा भरडा टाकत राहायचं, कळप रोज तिथे यायला लागला की लपवलेल्या नळ्यांतून बार काढून त्याच्यावर जाळं उडवायचं. मिझुरीत १९६० मध्ये वसंतातली शिकार पुन्हा सुरू होऊ शकली ती अशा धरपकडीच्या जोरावर. पुढे १९७३ मध्ये नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन स्थापन झालं आणि हे काम राज्याराज्यांत पसरलं.

म्हणजे आज ज्या आमिषाला बंदी आहे, त्याच आमिषानं हा पक्षी परत आणला. मला यात दांभिकता दिसत नाही, पुरावा दिसतो. पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या शिकाऱ्याला चकवणारं पाखरू मक्याच्या ढिगापुढे किती लाचार होतं, याचा याहून मोठा पुरावा कुठला? बार तोच, ढीग तोच. फक्त जाळ्याच्या जागी छर्रे आले की उरलेलं गणित कुणीही करावं.

आता पेरणीकडे येतो. शेजाऱ्यानं पहिल्यांदा ‘टर्कीसाठी फूड प्लॉट’ म्हटलं तेव्हा मला नीट कळलंच नाही. आमच्या सोलापूरकडच्या ज्वारीत माळ्यावर उभं राहून गोफण फिरवण्यात माझ्या सुट्ट्या गेल्या. पाखरांनी कणसं खाऊ नयेत म्हणून घसा फोडायचा. इथे एक सुखवस्तू माणूस पाखरांनी यावं म्हणून नांगरट करत होता, मातीचं परीक्षण करून चुना टाकत होता. क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीम घासाचा भाऊबंद, तो समजला. गहू, ओट, बाजरीच्या जातीचं धान्य, सूर्यफूल, तेही समजलं. पण एका पिशवीतून त्यानं बोराच्या बीएवढ्या तपकिरी गाठी काढल्या आणि म्हणाला, “हा चुफा. टर्की यासाठी वेडे होतात.” मी गाठ फोडून पाहिली. लव्हाळा! आमच्या वडिलांनी आयुष्यभर शिव्या घालत खणून काढलेल्या लव्हाळ्याच्या कुळातला. मे-जूनमध्ये पेरायचा, शंभरेक दिवसांत मातीत गाठी धरतात आणि मग टर्की पायांनी उकरून त्या खातात. वडिलांना फोनवर सांगितलं तर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पैसे देऊन?”

चुफ्याची आणखी एक गंमत आहे आणि ती थेट आपल्या प्रश्नात शिरते. ज्या टर्कीनं चुफा कधी खाल्लेला नाही, त्याला मातीखाली खाऊ आहे हे कळतच नाही. म्हणून जाणकार सांगतात, हिवाळ्यात शेताच्या एका कोपऱ्यात हलका डिस्क-कुळव फिरवा, थोड्या गाठी वर आणा, एकदा चव कळली की पुढचं ती पाखरं बघून घेतील. आता सांगा, हे पेरणं की टाकणं? गाठ त्याच मातीत वाढली. पण वर आणली माणसानं, आणि पाखरानं बघावी म्हणूनच आणली.

कायदा या असल्या प्रश्नांच्या कडेकडेनं जातो. टर्की स्थलांतर करत नाही, त्यामुळे त्याच्यावर राज्याराज्यांचे कायदे चालतात. बदकांची गोष्ट वेगळी, ती केंद्राच्या अखत्यारीत आहेत आणि त्यांना दाणे टाकून मारायला १९३५ पासून देशभर बंदी आहे. बहुतेक राज्यांनी टर्कीसाठीही आमिष बंद केलं आहे. फ्लोरिडात दाणे टाकलेल्या जागेपासून १०० यार्डांच्या आत बसायचं नाही. मिझुरीत सगळा दाणा उचलला तरी पुढचे १० दिवस ती जागा आमिषाचीच धरली जाते, कारण ढीग गेला तरी पाखरांची सवय जात नाही. पण जे नेहमीच्या शेतीपद्धतीनं पेरलं, उगवलं, कापलं, ते सहसा आमिषात मोडत नाही. या ‘नेहमीच्या’ शब्दावर केवढा भार आहे बघा. बाजरीचं उभं पीक शिकारीसाठी कापून जमिनीवर पसरलं तर केंद्राच्या नियमानुसार त्यावर होले मारता येतात, बदकं मारता येत नाहीत. तेच शेत, तेच यंत्र, त्याच दिवशीची कापणी. वर उडणारं पाखरू कोणतं, यावर शेतकरी गुन्हेगार ठरतो की नाही ते ठरतं.

आमिषाविरुद्ध शिकारी मंडळींचा नेहमीचा मुद्दा असतो तो सचोटीच्या पाठलागाचा. जनावराला निसटायची खरीखुरी संधी हवी, शिकाऱ्यानं गैरफायदा घेऊ नये. थिओडोर रूझवेल्टनं १८८७ मध्ये सुरू केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबनं ही कल्पना रुजवली. मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी सांगितलेली ती गोष्ट आता टर्कीलाही लावली जाते. भावना चांगली आहे, पण एकट्या या मुद्द्यावर बंदी टिकवायला गेलं तर ती फार लवकर डळमळते. वसंतातली टर्कीची शिकार सगळीच फसवणुकीवर उभी आहे. लाकडी डबी घासून किंवा तोंडात पातळ पडद्याची शिट्टी धरून मादीचा आवाज काढायचा. रबराची मादी मैदानात उभी करायची. अंगभर पानांच्या चित्रांचे कपडे घालायचे, तोंडावर जाळी ओढायची. ऐन विणीच्या हंगामात नराला खोट्या मादीच्या मागे बोलवायचं आणि मग म्हणायचं, मका टाकला असता तर अन्याय झाला असता! आमच्याकडे याला ‘सौ चूहे खाके’ म्हणतील.

तरीही हाक आणि मका यांत मला फरक वाटतो, तो असा. निसर्गक्रमात नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. शिकारी मादीचा आवाज काढून नरालाच आपल्याकडे बोलावतो, म्हणजे उलटी गंगा वाहवायला बघतो. म्हणून दहातल्या बऱ्याच पहाटे नर नुसता दुरून ओरडत राहतो आणि शिकारी ओल्या पँटनं घरी येतो. यश मिळवायचं तर पाखरू रात्री कुठल्या झाडावर झोपलं, उतरल्यावर कुठल्या अंगानं जाईल, मध्ये ओढा आहे का, हे सगळं माहीत हवं. मक्याला यातलं काहीच लागत नाही. टायमर लावलेलं पिंप सकाळी सातला खडखड करत दाणे उडवतं आणि पाखरं त्या आवाजाला येतात, शाळेची घंटा ऐकल्यासारखी. तिथे रानाची ओळख लागत नाही, घड्याळ पुरतं. हा शिकाऱ्याचा तोटा आहे, आणि तो त्याचा त्यानं बघावा. सगळ्या समाजानं कायदा करून तो टाळावा इतकं काही मला ते मोठं वाटत नाही.

कायदा हवा तो दुसऱ्या कारणांसाठी, आणि ती शिकाऱ्याच्या अब्रूपेक्षा पाखराच्या जिवाशी जास्त निगडित आहेत.

पहिलं कारण बुरशी. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एकाएकी लाखाहून जास्त टर्कीची पिल्लं पोल्ट्रीत मेली. रोग कळेना म्हणून त्याला ‘टर्की एक्स’ नाव दिलं. शोध घेता घेता तो ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोचला आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष जगाला माहीत झालं. भुईमूग पिकवणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना हा शब्द निर्यातीच्या परत आलेल्या मालामुळे चांगला ठाऊक आहे. पण तो सापडला टर्कीच्या मढ्यांतून, हे फारसं कुणाला माहीत नसतं. या विषाला टर्की, विशेषतः पिल्लं, फार लवकर बळी पडतात. आता जॉर्जियाच्या दमट उकाड्यात, जमिनीवर ओतलेला, दोन पावसांत भिजलेला मक्याचा ढीग डोळ्यांपुढे आणा. आमच्या आईनं असा मका म्हशीलाही घातला नसता.

दुसरं कारण रॅकून, धान्यापासून अंड्यांपर्यंत काहीही खाणारा निशाचर प्राणी. मक्याच्या ढिगावर टर्की येण्याआधी रॅकून, ओपॉसम, कावळे आणि रानडुकरं येतात. टर्कीची मादी जमिनीवर अंडी घालते, दहा-बारा, आणि २८ दिवस त्यांवर बसते. ढिगाभोवती रात्री फिरणाऱ्या रॅकूनला ते घरटं म्हणजे जेवणानंतरचं गोड. टेक्सासमध्ये जमिनीवर खोटी घरटी मांडून केलेल्या अभ्यासातही खाद्याच्या पिंपांजवळ घरट्यांची लूट जास्त झाली होती. म्हणजे एप्रिलमध्ये एक नर सोपा व्हावा म्हणून टाकलेला दाणा मे महिन्यात दहा अंडी खातो. शिवाय एका जागी सगळी तोंडं एकत्र आणण्यात रोगाचा धोका असतोच. हरणांना झिजवून मारणारा ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ हा मेंदूचा रोग पसरू नये म्हणून कित्येक राज्यांनी हरणांसाठी दाणे टाकायला बंदी घातली. तो जॉर्जियात २०२५ च्या सुरुवातीला सापडला आणि पेट्रोल पंपावरच्या त्या पोत्यांकडे लोक पहिल्यांदाच जरा वेगळ्या नजरेनं बघू लागले.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं आणि त्यावरच सर्वांत कमी बोललं जातं. रानटर्की जमीनमालकाचा नसतो. अमेरिकी परंपरेत वन्यजीव राज्यातल्या सगळ्या लोकांचे, सरकार फक्त विश्वस्त. एक कळप शेकडो एकरांत फिरतो, दहा जणांच्या कुंपणांतून. मका ओतणारा म्हणजे सगळ्यांच्या ओढ्याला आपल्या विहिरीकडे पाट काढणारा माणूस. तो पाखराशी लबाडी करतो त्याहून जास्त शेजाऱ्याशी करतो.

इथवर बऱ्याच जणांच्या माना डोलतील. पण हेच तिसरं कारण फूड प्लॉटला लावून बघा. हिरवागार क्लोव्हरचा तुकडाही दहा कुंपणांतली पाखरं एका कुंपणात आणतो. एप्रिलमध्ये माद्या तिथे चरायला येतात, माद्यांमागे नर येतात, मोकळ्या जागी पिसारा फुलवायला त्यांना आवडतंच, आणि कडेला पेटीसारख्या तंबूत खुर्ची टाकून मालक बसलेला असतो. मुळं आहेत म्हणून ते आमिष नाही, हे मला पटत नाही. ते मुळं असलेलं आमिष आहे.

मग फूड प्लॉटही बंद करायचे का? नाही. फरक शोधायला मी चुकीच्या जागी बघत होतो, असं मला हळूहळू कळलं. दाणा पोत्यातला की मातीतला, हे विचारण्यापेक्षा तो कोणत्या महिन्यासाठी आहे हे विचारावं. एप्रिलसाठी की जूनसाठी?

इथल्या रानात एप्रिलमध्ये टर्की उपाशी नसतात. कोवळं गवत, कोंब, किडे, हिवाळ्यातून उरलेली ओकची फळं, सगळं असतं. खरी कसोटी मेच्या अखेरीस आणि जूनमध्ये, पिल्लं अंड्यांतून बाहेर आल्यावर. पहिले सुमारे दोन आठवडे त्यांना झाडावर उडून बसता येत नाही, रात्र आईच्या पंखाखाली जमिनीवर काढावी लागते, आणि बहुतेक पिल्लं मरतात ती याच दिवसांत. त्यांना दाणा नको असतो, किडे हवे असतात, नाकतोडे, भुंगेरे, अळ्या, वाढीला प्रथिनं मिळतील असं काहीही. आणि जागा हवी ती अशी, की खाली मातीवर मुठीएवढं पिल्लू सहज पळेल आणि वरून ससाण्याला ते दिसणार नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर विरळ पेरलेल्या ज्वारीच्या ताटांखालची जागा. फेस्क्यूसारखं दाट, लोळलेलं गवत त्यांच्या कामाचं नाही, त्यात पिल्लू अडकतं आणि दवानं भिजून गारठतं. क्लोव्हरच्या विरळ तुकड्यात किडे भरपूर होतात, म्हणून तो पिल्लांना खरंच उपयोगी पडू शकतो. पण होतं काय, तर शिकारीचा हंगाम मेच्या मध्यावर संपतो आणि मालकाला तो तुकडा आता गबाळा वाटायला लागतो. मग गवतकापणी. ज्या आठवड्यांत कडेच्या गवतात माद्या अंड्यांवर बसलेल्या असतात, नेमक्या त्याच आठवड्यांत पाती फिरतात. पाखराच्या नावानं पेरलेल्या शेतात पाखराच्याच डोक्यावरून यंत्र फिरवलं जातं, आणि कुणालाच त्यात विसंगती दिसत नाही, कारण त्या शेताचं वर्ष एप्रिलमध्ये संपलेलं असतं.

म्हणून माझं म्हणणं असं की पेरणाऱ्याची नीती बंदुकीजवळ तपासू नये, बंदूक कपाटात गेल्यावर तपासावी. जूनमध्ये त्या तुकड्यात काय चाललं आहे? उत्तर ‘काही नाही’ असेल तर ते आमिष, मग बियाणं कितीही महागाचं असो.

खाऊ घालण्याच्या सुखाबद्दल आपल्यालाही फार लांब बघायला नको. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला तेव्हा किती गदारोळ झाला! एका बाजूला फुप्फुसाच्या रोगांची चिंता, दुसरीकडे जीवदया. त्या वादात कबुतरांना नेमकं काय हवं, यापेक्षा दाणे टाकणाऱ्याला काय वाटतं यावरच सगळी चर्चा झाली. शिकारी आणि जीवदयावादी एकमेकांपासून कोसभर दूर, पण दाणे टाकताना दोघांचं लक्ष पाखरावर असतं तितकंच स्वतःवरही असतं.

आता माझ्या विरुद्धचा एक मुद्दा, ज्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. शेजारी ज्या दिवशी चुफा पेरत होता, त्या दिवशी त्याच्या ट्रॅक्टरची दुरुस्ती करणारा माणूस तिथे होता. तो हसून म्हणाला, “माझ्याकडे पाच एकर आहेत, ट्रॅक्टर नाही. माझा फूड प्लॉट पेट्रोल पंपावर मिळतो.” खोटं काय बोलला? जमीन, यंत्र, चुना, खत, बियाणं, हे सगळं ज्याच्याकडे आहे त्याचं आमिष कायदेशीर आणि काही डॉलरचं पोतं ज्याला परवडतं त्याचं बेकायदा. पूर्वी राजे-साहेबलोक मचाणाखाली रेडकू बांधून वाघ मारायचे त्याला शिकार म्हणत आणि गावकऱ्यानं फासे लावले की चोरी, तोच जुना न्याय इथे इंग्रजी बोलतो. मक्याला परवानगी द्या असं मी म्हणणार नाही, कारण अफ्लाटॉक्सिन आणि रॅकून गरिबाचा ढीग ओळखून सोडत नाहीत. पण हा भेद मान्य न करता आमिषबंदीचा अभिमान मिरवणाऱ्यांचं मला काही पटत नाही. निदान एवढं तरी व्हावं की श्रीमंताच्या हिरव्या तुकड्यालाही अंतराचा नियम लागावा. फ्लोरिडाचा १०० यार्डांचा नियम आहेच. पेरा हवं तेवढं, पण त्याच्यावर बसू नका. पाखरं तिथे येऊन-जाऊन असतात, त्यांच्या वाटा रानातून जातात. त्या वाटा शोधा, हाक द्या, बसा भिजत.

यावर टेक्सासचं उदाहरण हमखास पुढे येतं. तिथे पश्चिमेकडच्या रिओ ग्रँड जातीच्या टर्कींना दाणे टाकून मारता येतं आणि तरी त्यांची संख्या भरपूर आहे, मग बंदीची काय गरज? पण त्याच टेक्सासनं पूर्वेकडच्या जिल्ह्यांत, जिथे ईस्टर्न जातीची पाखरं मोठ्या कष्टानं परत आणली, तिथे आमिषाला मनाई ठेवली आहे. हजारो एकरांच्या कोरड्या रँचवर जे खपतं ते चाळीस-चाळीस एकरांच्या दाट शेजारात खपत नाही, हे टेक्सासलाही कळतं.

शेजारात खपत नाही, याची चिन्हं आग्नेयेकडच्या राज्यांत दिसतातच. या शतकाच्या सुरुवातीला वर गेलेले टर्कींचे आकडे इथे घसरले आहेत. २०२२ मध्ये जॉर्जियानं हंगाम उशिरा सुरू केला आणि माणशी तीनऐवजी दोनच नर अशी मर्यादा घातली. त्याच वर्षी अलाबामानं मर्यादा पाचवरून चारवर आणली आणि हंगामाचे पहिले १० दिवस खोट्या पाखरांना बंदी केली. कारणं अनेक आहेत, पण बहुतेक बोटं घरटी आणि पिल्लांकडे जातात, पोटाकडे नाही. पाखरू उपासमारीनं कमी होत नसेल तर खाऊ पेरून ते वाढणार कसं?

वाढवायचं तर स्वस्त उपाय इथल्या मातीत फार जुना आहे. आग. या भागात एकेकाळी लाँगलीफ पाइनची नऊ कोटी एकर रानं होती. वीज पडून आणि मूळ रहिवाशांच्या हातून ती वरचेवर जळायची, आणि झाडांखाली गवत-फुलांची मोकळी, किड्यांनी भरलेली जमीन राहायची. पुढे लाकडासाठी आणि शेतीसाठी ती तोडली गेली, आग दाबली गेली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांतला जेमतेम तीसएक लाख एकरांचा तुकडा उरला होता. आता दर दोन-तीन वर्षांनी ठरवून, वारा बघून, पट्टे सोडून जाळलेल्या रानात पिल्लांना हवं ते सगळं आपोआप उगवतं. कोकणातल्या माणसाला राब भाजणं माहीत असतं, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. जाळायचं कशासाठी, कधी आणि कुठे थांबायचं, हे ठरलेलं असतं. बियाण्याच्या कंपनीला मात्र आगीतून काहीच विकता येत नाही. म्हणून कॅटलॉगमध्ये चुफा असतो, आग नसते. सरकारी अनुदान द्यायचंच असेल तर ते या जाळण्याला द्यावं, आणि पाच एकरवाल्याला त्याच्या दारात येऊन जाळून द्यावं. मग त्या मेकॅनिकशी मला थोडं ताठ मानेनं बोलता येईल.

शेजाऱ्याशी हे सगळं एकदम बोलायची संधी काही आली नाही. तुकड्यातुकड्यांत बोललो. तो ऐकतो, मान हलवतो आणि मग गवतकापणीच्या यंत्राबद्दल बोलायला लागतो. पण गेल्या वर्षी त्यानं क्लोव्हर मेमध्ये कापला नाही, जुलैपर्यंत थांबला. माझ्यामुळे की यंत्राचा पट्टा तुटला होता म्हणून, ते मी विचारलं नाही.

चुफा मात्र त्यानं यंदा पेरलाच नाही. हिवाळ्यात एका रात्रीत अख्खा तुकडा उकरून टाकलेला सापडला, गुडघाभर खड्डे, एक गाठ शिल्लक नाही. कॅमेऱ्यात टर्की एकही नव्हता, अकरा रानडुकरं होती. सकाळी बांधावर उभा राहून तो त्यांना ज्या शिव्या घालत होता, त्या ऐकून मला कितीतरी वर्षांनी गावी आल्यासारखं वाटलं.